बुटांसाठी कर्ज

भांडी आवरली असतील तर निवांत बसा, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला. सभासदाची मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झालेली. बूट आणि प्रवास धरून चार हजार रुपये हवे होते. एक ताई म्हणाल्या, "शेळी दूध देते, बूट काय देणार?" सगळ्या हसल्या. मीही हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. घरी आल्यावर मात्र ते हसू मला टोचत राहिलं. म्हणून आज एका धावपटूची गोष्ट सांगते.

तिचं नाव विल्मा रुडॉल्फ. जन्म 1940 चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला. कृष्णवर्णीय कुटुंब, वडिलांची 22 मुलं, त्यात ही विसावी. आई लोकांच्या घरी धुणंभांडी, साफसफाई करायची. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. कृष्णवर्णीयांवर उपचार करणारं मोठं रुग्णालय 80 किलोमीटरवर, नॅशव्हिलला. आई तिला बसने तिकडे न्यायची. घरी भावंडं आळीपाळीने पाय चोळायची. बारा वर्षांची होईतो ती आधाराशिवाय चालायला लागली, आणि मग पळायलाच लागली.

सोळाव्या वर्षी, 1956 साली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत तिला कांस्यपदक मिळालं. पुढची गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. शाळेत असतानाच तिला दिवस गेले आणि 1958 मध्ये मुलगी झाली. लग्न झालेलं नव्हतं. आपल्याकडे काय झालं असतं, ते मी सांगायला नको. तिच्या घरच्यांनी बाळ सांभाळलं आणि तिला टेनेसी स्टेट विद्यापीठात धाडलं. प्रशिक्षक एड टेंपल यांनी तिला संघात घेतलं. फुकट काही नव्हतं, खेळाडू मुलींना विद्यापीठात काम करून शिकावं लागे.

1960 साली रोम ऑलिंपिकमध्ये विल्माने 100 मीटर, 200 मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. रिलेतल्या चौघीही त्याच विद्यापीठाच्या. अंतिम शर्यतीत शेवटी विल्माच्या हाती दांडी देताना ती निसटता निसटता राहिली. तरी तिने अंतर भरून काढलं. गावी, क्लार्क्सव्हिलला, तिच्या स्वागताला गोरे आणि काळे पहिल्यांदाच एकत्र जमले. वेगवेगळा समारंभ तिला मान्यच नव्हता.

पण पदकांनी घर चालत नाही. त्या काळी धावण्यात पैसा नव्हता. 1962 मध्ये तिने शर्यती सोडल्या, 1963 मध्ये पदवी घेतली आणि शिक्षिका झाली, मुलींना पळायला शिकवू लागली. पायांनी तिला कॉलेजात नेलं, पदवीने नोकरी दिली.

मैत्रिणींनो, माझं बीए लग्नानंतरचं. परीक्षेच्या दिवसांत माझी लेक सासूबाईंच्या मांडीवर असायची, आणि फी गटाच्या कर्जातून भरली होती. तेव्हाही कोणीतरी विचारलंच होतं, सुनेच्या बीएला काय दूध येणार? आज मी वीस गटांचे हिशेब बघते.

ती मुलगी स्पर्धेत हरेलही. शेळीसुद्धा मरते की. तरी हप्ता आईच भरणार आहे, आणि तिचा आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. मग अडलं कुठे?

येत्या शुक्रवारी बैठक आहे. समन्वयक म्हणून मला मत नाही, पण बोलायला बंदी नाही. हे सगळं मी तिथे पुन्हा सांगणार आहे. तुमच्या गटात असा अर्ज आला, तर हसण्याआधी एवढंच विचारा: पोरीला बुटाचा नंबर कितीचा लागतो?