पापणीचा केस आत वळतो तेव्हा



गहू कापताना डोळ्यात कुसळ गेले, की माणूस विळा टाकून बांधावर येऊन बसतो. ते निघेपर्यंत त्याला चैन पडत नाही. आता हेच कुसळ पापणीतूनच उगवले असेल, तर काय होईल? दर वेळी पापणी मिटली की ते बुबुळावर घासणार. मिनिटाला पंधरा वेळा पापणी लवते असे धरले, तर जागेपणीच्या 16 तासांत ही घासणी 14,400 वेळा होते. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

वरच्या पापणीला साधारण शंभर-दीडशे केस असतात. त्यांची टोके बाहेर वळलेली असतात, म्हणून धूळ अडते आणि बुबुळ सुरक्षित राहते. केस आत वळला, की डोळ्याला पाणी येते, टोचते, उजेड सोसत नाही. घासून घासून बुबुळाला जखम होते, ती चिघळते आणि भरून येताना तिथे पांढरा डाग राहतो. यालाच आपण ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो. फूल एकदा पडले, की चष्म्याने किंवा थेंबांनी ते जात नाही.

केस आत का वळतो? म्हातारपणी खालची पापणी सैल होऊन आत वळते. पापणीच्या कडा वर्षानुवर्षे सुजत राहिल्या, भाजले, डोळ्यात चुना उडाला, तरी असे होते. काहींना जन्मतःच केसांची दुसरी ओळ असते. पण आपल्या देशात या दुखण्याचे मोठे कारण होते खुपऱ्या.

खुपऱ्या हा जंतूंचा रोग. 1950 च्या दशकात पेकिंगच्या शास्त्रज्ञांनी हा जंतू प्रथम वेगळा करून दाखवला. बोटे, एकच पंचा, आईचा पदर आणि चिपडांवर बसणाऱ्या माश्या, ही त्याची वाहने. लहानपणी तो पुनःपुन्हा झाला, की पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात. ओले कातडे वाळताना जसे आखडते, तसे हे व्रण पुढे आखडतात आणि पापणीची कड आत ओढतात. रोग होतो बालपणी, केस टोचू लागतात प्रौढपणी. बायकांना हा त्रास अधिक, कारण चिपडलेली पोरे त्यांच्याच मांडीवर असतात.

पंजाब, हरियाणा, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश या भागांत खुपऱ्यांनी पुष्कळांची दृष्टी नेली. 1963 साली सरकारने त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्या आहेत. गोष्ट आनंदाची खरी. पण ज्यांच्या पापण्यांत जुने व्रण आहेत, त्यांचे केस आजही आत वळू शकतात. आजी म्हणते, “वय झालं, आता डोळ्याला पाणी यायचंच!” आणि घरातले मान डोलावतात. नजर जाते ती अशी, गुपचूप.

मग उपाय काय? पुष्कळ घरी चिमट्याने केस उपटतात. घटकाभर बरे वाटते, पण दीड-दोन महिन्यांत केस परत येतो, आणि अर्धवट तुटला तर त्याचे खुंट अधिकच टोचते. डॉक्टरही कधी केस काढतात, पण तो तात्पुरता इलाज. एक-दोनच केस असतील तर विजेने किंवा अतिशय थंडाव्याने त्यांची मुळे मारता येतात. पुष्कळ केस आत वळले असतील तर शस्त्रक्रिया करून पापणीची कड बाहेर वळवतात. पापणीपुरती भूल देतात, आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. काहींचे केस काही काळाने पुन्हा वळतात, म्हणून नंतरची तपासणी चुकवू नये. पडलेले फूल या शस्त्रक्रियेने जात नाही, पण पुढचे नुकसान थांबते. म्हणूनच उशीर नको.

दुकानातून आपल्या मनाने थेंब आणून घालू नका. काजळ, मध, पाल्याचा रस डोळ्यात घालून पाहू नका.

शिक्षकमित्रांनो, मुलांना दोन कामे सांगा. रोज स्वच्छ पाण्याने तोंड धुवायचे आणि आपला पंचा वेगळा ठेवायचा, हे पहिले. दुसरे, घरी आजी-आजोबांना विचारायचे, “डोळ्यात काही टोचतं का?” उत्तर ‘हो’ आले, तर घरच्यांनी त्यांना उजेडात बसवून पापणीची कड बाजूने पाहावी. केस बुबुळाला टेकलेला दिसला तर जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. नुसत्या डोळ्यांना केस दिसला नाही, पण टोचणे थांबत नाही, तरीही जावे. बारीक केस डॉक्टरांच्या भिंगातूनच सापडतो.

आज विचारलेला हा एक प्रश्न कुणाची तरी दृष्टी राखील.