घराच्या किमतीतील सूट आणि आयकर



चाळीतून, झोपडपट्टीतून आपली माणसे आज स्वतःच्या फ्लॅटमध्ये जात आहेत. आयुष्यभराची पुंजी, घरातले दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज एका करारनाम्यात ओतले जाते. म्हणून त्या व्यवहारातील 'सूट' या एका शब्दाविषयी आम्ही बोलणार आहोत.

बिल्डरने सूट दिली तर ते आपले उत्पन्न झाले काय? सर्वसाधारणपणे नाही. ४२ लाखांचे घर ४० लाखांना मिळाले, तर आपली खरेदी ४० लाखांची, एवढाच त्याचा अर्थ. पुढे घर विकताना नफा मोजायचा तोही याच आकड्यावरून.

परंतु खरी मेख पुढेच आहे. सरकार प्रत्येक भागातील जागेचे दर ठरवते. त्यालाच आपण रेडी रेकनर म्हणतो. करारातील किंमत आणि हे सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. आयकर खातेही हेच मूल्य पाहते. दोहोंतील फरक ५० हजार रुपये आणि करारातील किमतीचे १० टक्के, यांपैकी मोठ्या रकमेहून अधिक असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जातो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

उदाहरण घेऊ. करार ४० लाखांचा, सरकारी मूल्य ४३ लाख. फरक ३ लाख, मर्यादा ४ लाख, कर नाही. सरकारी मूल्य ४५ लाख असेल तर फरक ५ लाख. मग मर्यादेवरचा १ लाख नव्हे, पूर्ण ५ लाख उत्पन्नात मिळवले जातात! आमच्या परिचयातील एका कुटुंबाने पेढे वाटून सूट साजरी केली. नोटीस आली तेव्हा हप्ता भरायचा की कर, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

तेव्हा सही करण्यापूर्वी सरकारी मूल्य स्वतः काढून पाहा. सूट करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. करार आधी व नोंदणी नंतर असेल, तर करारापूर्वी किंवा त्याच दिवशी काही रक्कम चेकने अथवा बँकेमार्फत द्या. म्हणजे करारदिनाचे मूल्य धरता येते. सरकारी मूल्य अवाजवी वाटल्यास मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. आणि कर भरावाच लागला, तर घर विकताना ते वाढीव मूल्यच आपला खर्च धरले जाते, हे विसरू नका.

'किंमत कमी दाखवू, बाकीचे रोख द्या' असे कोणी म्हणाले, तर ती सूट नव्हे, तो सापळा आहे. घामाच्या पैशाचे घर कागदावरही स्वच्छ असले पाहिजे. कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही, एवढा निर्धार करून आपण येथून जाऊ या.

जयभीम!