हजर, बाई!



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "आपण काय काम करतो ते प्रत्येकाने थोडक्यात सांगायचं." माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "ती कंप्युटरमध्ये आहे." आज जरा नीट सांगते.

तुम्ही मोबाइलवर तिकीट काढता, वीजबिल भरता, तेव्हा पलीकडे कुठेतरी सर्व्हर नावाचे संगणक राबत असतात. ते धडधाकट आहेत ना, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. शाळेत मला कुणी कधी मॉनिटर केलं नाही, ती हौस नोकरीत फिटली.

हे काम तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण आपण ते रोज सकाळी केलंय. ती आपली हजेरी! मी पहिल्यांदा वापरलं ते साधन नागिऑस. ईथन गालस्टॅड यांनी १९९९ मध्ये ते नेटसेंट नावाने आणलं, पुढे नाव बदललं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, पैसे न देता वापरावा. ठरावीक मिनिटांनी ते एकेका सर्व्हरचं नाव पुकारतं. उत्तरं चारच: ठीक, इशारा, गंभीर आणि 'समजत नाही'. एकदा ओ आली नाही म्हणून ते लगेच बोंब मारत नाही. बाई दोनतीनदा नाव घ्यायच्या आणि मगच गैरहजेरी मांडायच्या, तसंच ते पुन्हा विचारून पाहतं आणि मग ईमेल किंवा एसएमएस पाठवतं.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सर्व्हरची डिस्क ९१ टक्के भरलेली असायची. जुने बॅकअप साठले होते, आवरायला कुणाला वेळ नव्हता. ९० टक्क्यांची मर्यादा ओलांडलेली, त्यामुळे दर तासाला इशारा यायचा. वैतागून मी टीमच्या सामायिक मेलबॉक्सवर नियम लावला, की या सर्व्हरचे मेल थेट वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत. शांतता झाली.

मग एका रात्री एका बिघडलेल्या प्रोग्रॅमने नोंदी लिहून लिहून डिस्क पूर्ण भरून टाकली. डेटाबेस थांबला. त्यावर एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट चालायचे. पहाटे दोनपासून सकाळी सातपर्यंत एकही रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत गेला नाही. 'गंभीर' असा मेल वेळेवर आला होता, पण तोही माझ्या नियमाप्रमाणे त्या फोल्डरात जाऊन पडला.

सकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "रात्री ड्युटीवर कोण होतं?" नोकरीला जेमतेम वर्ष झालेली एक मुलगी म्हणाली, "मी." तिला त्या फोल्डरचा पत्ताच नव्हता. मला होता. आणि मी गप्प बसले.

दुपारपर्यंत घास घशाखाली उतरेना. आपल्या गणिताच्या बाई खोडरबर वापरू द्यायच्या नाहीत, आठवतं? चुकीवर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं, चूक दिसली पाहिजे. साडेतीनला मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, मग सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी रात्रभर जागीच होते हो."

त्यानंतर आम्ही सगळे इशारे एकेक करून तपासले. ज्यावर माणसाने आत्ता उठून काही करायचं नाही, तो इशारा रात्री वाजवायचाच नाही. पुढे आम्ही प्रोमिथियस घेतलं. तेही मुक्त स्रोत, २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालेलं. डिस्क किती भरली एवढंच न पाहता, ती ज्या वेगाने भरतेय त्यावरून चार तासांत संपेल का, याचा अंदाज त्याला करता येतो. एका बिघाडाचे पन्नास मेल येण्याऐवजी ते एकत्र बांधून एकच निरोप पाठवायचं काम त्याच्या जोडीचा अलर्टमॅनेजर करतो. प्रत्येक इशाऱ्याखाली आम्ही 'आधी हे करा' अशा चार ओळी लिहून ठेवल्या. त्या बहुतेक त्या मुलीनेच लिहिल्या.

आणि मॉनिटरच आजारी पडला तर? त्यावरही युक्ती आहे. एक इशारा मुद्दाम कायम चालू ठेवायचा. "मी आहे, मी आहे" असा निरोप तो सतत एका बाहेरच्या यंत्रणेला देत राहतो. तो थांबला, की ती यंत्रणा आम्हाला उठवते. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही आता धरून चालत नाही.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सुप्रभातचे ढीगभर फोटो येतात. मीही तो ग्रुप म्यूट केलाय, कबूल करते! पण काही नावं कित्येक महिन्यांत दिसलेली नाहीत. आज इथेही ती नाहीत. घरी गेल्यावर त्यांतल्या एकाला तरी फोन करा. पहिल्यांदा उचलला नाही तर पुन्हा करा. बाई तीनदा नाव घ्यायच्या.

बाई, आज मी हजर आहे.