इंग्रजी वाक्यातील शब्दांची जागा
(ज्ञातिमंडळाच्या चंदनसार येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



इंग्रजी व्याकरणाची चर्चा चंदनसारास कशाला, असे कोणास वाटेल. परंतु या विद्येशी आपल्या वसई तालुक्याचे नाते जुने आहे. तर्खड हे गाव याच तालुक्यातले. त्यावरून आडनाव पडलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजांच्या कारभारावर त्यांच्याच भाषेत कोरडे ओढले. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ तर आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातची.

आमच्या माहितीतील एका कामगाराने वरिष्ठांकडे इंग्रजीत अर्ज केला. त्यास सांगायचे होते, ‘मला मारले मुकादमाने.’ शब्दास शब्द लावून त्याने लिहिले, ‘आय बीट मुकादम.’ मार खाणारा तोच, आणि चौकशीही त्याचीच! खुलासा करता करता बिचाऱ्याचे पंधरा दिवस गेले.

चूक कोठे झाली? मराठीत कर्ता कोण हे प्रत्यय सांगतो. ‘मुकादमाने’ हा शब्द आरंभी ठेवा वा अंती, मारणारा मुकादमच राहतो. इंग्रजी नामास असा ‘ने’ नाही. तेथे जागाच प्रत्ययाचे काम करते. आधी कर्ता, मग क्रियापद, मागून कर्म. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी ‘करणारा कोण?’ हे स्वतःस विचारावे.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘मुलीने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ येथे आपले क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘एट’च. वर्तमानकाळी मात्र ‘ही’ किंवा ‘शी’ कर्ता असता ‘ईट्स’ होते. तो शेवटचा ‘स’ आपल्या मुलांकडून हटकून गळतो. तसेच ‘डिड नॉट वेंट’. भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचलल्यावर पुढे ‘गो’च हवे, एका गाडीस दोन इंजिने कशाला?

‘अ’ आणि ‘द’ यांचे नियम आम्ही मुद्दाम सांगत नाही. ते पाठ करून येत नाहीत, वाचनाने अंगवळणी पडतात.

विरारहून मुंबईस मुलाखतीस जाणारी आपली मुले चुकीच्या भयाने तोंडच उघडत नाहीत, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. त्यांनी स्वतःचा एकेक अर्ज लिहून आमच्याकडे आणावा; आपण मिळून तो दुरुस्त करू. लाल शाई आम्ही वापरणार नाही.