चांगभलं म्हणजे कुणाचं भलं ?

(कलशारोहण समारंभाच्या दिवशी गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी काही कीर्तनकार नव्हे, की प्राध्यापक नव्हे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, आणि जन्म गेला तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या नोंदी लिहिण्यात. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर पदरात घ्यावे.

आज सकाळी कळस चढला आणि सबंध गावाने एकदम जोतिबाच्या नावानं चांगभलं केलं, तेव्हा गुलालाच्या ढगात समोरचा डोंगरही दिसेनासा झाला होता. ही आरोळी आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो. नांगराला बैल जुंपताना म्हणतो, नवी गाडी सुरू करताना म्हणतो. पण ‘चांगभलं’ म्हणजे चांगले होवो, भले होवो. कुणाचे, ते आरोळीत सांगितलेले नाही. ‘माझे’ असे तर मुळीच म्हटलेले नाही. या एका गोष्टीचा विचार मी गेली काही वर्षे करीत आहे, आणि तो का करावा लागला हेच आज सांगणार आहे.

त्याआधी थोडे डोंगराविषयी. वाडी रत्नागिरीवरील मुख्य मंदिर १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधले, आणि शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी, हे आपणास ठाऊक आहे. ती नावे राहिली ते योग्यच झाले. पण तो काळा दगड फोडणारे, घडविणारे, खांद्यावरून वाहणारे किती हात असतील ! त्यांची पाटी कुठेही नाही. आपल्या या छोट्या देवळाचेही तसेच आहे. संगमरवरी पाटीवर ज्यांची नावे कोरली त्या दानशूर मंडळींना माझा नमस्कार आहे, त्यांच्याशिवाय हे काम उभे राहिले नसते. पण पाटी लहान आहे. पायलीभर जोंधळे आणून देणारी म्हातारी त्या पाटीवर मावली नाही, आणि स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून घमेली उचलणारी पोरेही मावली नाहीत.

माघातल्या खेट्यांना आपल्यापैकी पुष्कळजण चालत जातात. पंचगंगेच्या घाटावरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करीत गायमुखाशी आले की पुढची चढण पाय मोडते. तिथे चैत्र यात्रेत सहजसेवा ट्रस्टचे अन्नछत्र चालते. वाढणारा कोण आणि जेवणारा कोण, एकमेकांस ओळखत नाहीत. यात्रेच्या दिवसांत कोल्हापूरचे दुचाकी मेकॅनिक बांधव आपली हत्यारे घेऊन रस्त्याकडेला बसतात आणि बंद पडलेल्या गाड्या फुकट दुरुस्त करून देतात. मला या मेकॅनिक मंडळींचे फार कौतुक वाटते. आपल्याजवळ जे आहे तेच त्यांनी देवाला वाहिले. पान्याला पाना लावून सेवा केली. नारळ वाहायला पैसे लागतात, हे वाहायला फक्त येणारी कला लागते.

अडचणीच्या वेळी आपली माणसे मागे हटत नाहीत, हेही खरे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खाली चिखली-आंबेवाडीची माणसे पाण्याने वेढली, नावांतून बाहेर काढावी लागली. त्या वेळी न बुडालेल्या गावांतून चुली पेटल्या आणि भाकरीच्या चळती खाली गेल्या. कुणी जात विचारली नाही, पक्ष विचारला नाही. २०२१ च्या जुलैतही तेच. पण पूर ओसरतो. मग साधा मंगळवार येतो, आणि त्या मंगळवारी आपण कसे वागतो ? माझी अडचण इथेच आहे, कारण मी मंगळवारी टेबलावर असतो.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. कचेरीचे नाव घेत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. एका वाडीवरची विधवा बाई निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन आली. मी कागद चाळले आणि म्हणालो, “रेशनकार्डाची झेरॉक्स नाही, घेऊन या.” ती गेली. आठवड्याने आली. मी पुन्हा चाळले. “उत्पन्नाचा दाखला जुना झालाय बाई, नवा आणा.” ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तोवर अर्जांची यादी समितीपुढे गेलेली होती. पुढची बैठक केव्हा, ते मलाही सांगता येईना. ती काही बोलली नाही. पिशवीत कागद घातले आणि पायऱ्या उतरून गेली.

कागदावर पाहिले तर मी कुठेही चुकलो नव्हतो. दोन्ही त्रुटी खऱ्या होत्या. पण आमच्या कचेरीतले एक वयस्क शिपाई संध्याकाळी खिडक्या लावता लावता मला म्हणाले, “भाऊसाहेब, पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर बाईचा एकच खाडा झाला असता की.”

एवढेच म्हणाले आणि कुलूप लावायला गेले. मला राग आला, हे कबूल करतो. घरी जाऊन जेवलो, झोपलो नाही. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची बुडालेली मजुरी, तीनदा एस. टी.चे भाडे. तिचे अनुदान पुढे चार महिन्यांनी मंजूर झाले. त्या वेळी महिन्याला सहाशे रुपये मिळत. चार महिन्यांचे दोन हजार चारशे माझ्या दोन वाक्यांपायी गेले, आणि ते पुढे भरून निघाले नाहीत. त्याच वर्षी मी पाचही खेटे केले होते ! कपाळाचा गुलाल पुसून टेबलावर बसलो होतो की नाही, हे आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरे.

त्यानंतर मी एक काम केले, ते फार मोठे नाही. कोणत्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात, दाखला किती दिवसांचा चालतो, तो कुणाकडे मिळतो, हे साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून काढले. त्याच्या प्रती काढून टेबलाच्या खणात ठेवल्या. आलेल्या माणसाला पहिल्याच खेपेला ती चिठ्ठी देतो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवितो आणि काय कमी आहे त्यावर खूण करून देतो. प्रतींचा खर्च महिन्याला चहापेक्षा कमी येतो. काहीजण मला हसले. आता अर्ज संगणकावर गेले तरी चिठ्ठी लागतेच, कारण म्हातारीला संगणक काय मागतो ते कळत नाही. त्या बाईंना मी पुन्हा कधी गाठून क्षमा मागितली नाही. पत्ता अर्जावर होता, धीर नव्हता.

चहाचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या राजवाड्यावर गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढावयास मदत केली, नाव ठेवले ‘सत्यसुधारक’, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही घ्यावा लागला. १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांस खुल्या करण्याचा हुकूमही महाराजांनी काढला. पण तो चहाचा कप कुठल्या हुकुमाने निघाला नव्हता. हुकूम आम्ही कारकून मंडळी फायलीत लावतो, त्यावर जावक क्रमांक टाकतो. कप मात्र स्वतःच तोंडाला लावावा लागतो.

हे आज इथे बोलायला जरा जड जाते. आमच्या आजोबांच्या काळी या देवळाच्या खालच्या पायरीपाशीच ज्यांना थांबावे लागे, त्यांचीच नातवंडे या जीर्णोद्धारात पाया खणताना पुढे होती. समितीने पहिल्या बैठकीतच ठराव केला की महाप्रसादाची पंगत एकच राहील, आणि मांडवातल्या पिण्याच्या पाण्याचे पिंपही एकच राहील. ठराव लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. बैठकीत थोडी कुजबुज झाली, ती मी लिहिली नाही. पण आज वाढप्यांची नावे वाचली तेव्हा त्यात सगळ्या गल्ल्यांची पोरे आहेत हे पाहिले, आणि कुजबुज करणाऱ्यांपैकी एक आबा मघाशी त्याच पिंपाचे पाणी पिताना दिसले. मी त्यांच्याकडे पाहून हसलो, तेही हसले.

एक विनंती समितीस आहे. मांडव उतरला तरी ते पिंप देवळाच्या ओवरीत कायम भरलेले ठेवावे. खेट्याला आणि चैत्रात याच रस्त्याने परगावची माणसे डोंगराकडे जातात. भरण्याची पाळी गल्लीवार लावावी. पहिल्या महिन्याची पाळी आमच्या घराकडे लिहून घ्यावी, सौभाग्यवतींना विचारून आलो आहे.

स्वयंपाकघरातून दोनदा निरोप आला, भात निवत आहे. पहिली पंगत बायाबापड्यांची आणि लहान पोरांची बसावी. मी थांबतो.

जोतिबाच्या नावानं चांगभलं !