पुडीत काय आहे, ते विचारा

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीचा हिशेब झाला, हप्ते झाले. आता दहा मिनिटं मला द्या. सुरुवात माझ्या आजीपासून करते.

आजीचे गुडघे दुखायचे. यात्रेत एकानं तिला कागदात बांधलेली पुडी दिली. "जडीबुटी आहे, अपाय काही नाही," म्हणाला. तीन-चार महिन्यांत आजीच्या पोटात कळा यायला लागल्या, शौचाला होईना. रक्तवाढीच्या गोळ्या चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन वर येईना. डॉक्टर विचारायचे, "आजी, आणखी काही घेता का?" आजीचं उत्तर ठरलेलं, "काही नाही बाबा." डॉक्टर ओरडतील ही भीती! शेवटी मीच उशाखालची पुडी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. रक्ताची वेगळी तपासणी केली, तर शिसं निघालं.

नेहमीच्या रक्ततपासणीत शिसं दिसत नाही. डॉक्टरांना शंका आली तरच ते शोधतात. आणि आपण सांगितलंच नाही, तर शंका येणार कशी?

ही गोष्ट एकट्या आजीची नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत बोस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं आणून तपासली होती. त्यातल्या १४ औषधांत शिसं, पारा किंवा सोमल म्हणजे आर्सेनिक सापडलं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. त्या सगळ्या अशी औषधं घेत होत्या.

बायकांनी जास्त जपायचं, त्याला कारण आहे. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तेच हाडांतून रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत जातं. बाळाच्या मेंदूची वाढ त्यानं अडते. शिशाचं अमुक एक प्रमाण चालतं, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही.

आपल्या जुन्या माणसांना यातलं थोडं ठाऊक होतं. गाणाऱ्याला शेंदूर चारला की गळा जातो, असं म्हणायचे ना? खरा शेंदूर शिशापासूनच बनतो. देवाला लावला तर हात धुवा. जखमेवर, तोंडात, बाळाच्या अंगाला नको. काही सुरमाही शिशाच्या दगडाचाच असतो, तो लेकराच्या डोळ्यात घालू नका.

मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाही. सुंठ, ओवा, आल्याचा काढा खुशाल घ्या. पण पारा, हिंगूळ, हरताळ, शेंदूर ही नावं कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. असं द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर "वैद्याच्या देखरेखीखाली घ्या" अशी सूचना छापावी लागते. कागदाच्या पुडीवर काय छापलेलं असतं? काहीच नाही.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर औषध घेऊ नका. भस्म नोंदणी असलेल्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय नको.

दोन, सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. पुडी नाही, घुटी नाही.

तीन, पोटात कळा, बद्धकोष्ठ, गोळ्या खाऊनही न वाढणारं रक्त, असं काही असेल तर पुडी घेणं थांबवा आणि दवाखान्यात जा. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

चार, पुडी फेकू नका. सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.

आजी आता बरी आहे. परवा म्हणाली, "पोरी, लाजले नसते तर इतकं सोसावं लागलं नसतं." आज घरी गेल्यावर सासूबाईंच्या उशाखाली, फडताळात एकदा बघा. रागावू नका, फक्त विचारा. जे सापडेल ते पुढच्या बैठकीला घेऊन या. आशाताई येणार आहेत, आपण मिळून बघू.