मुलगा ‘खाली दुखतंय’ म्हणाला तर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



समारंभात हा विषय कशाला, असं एकदोघांनी सुचवलं. पण लाजेपायीच इथे नुकसान होतं, म्हणून बोलतो. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. डॉक्टरांकडून समजून घेतलेलं सांगतोय.

मुलांच्या वृषणाला रक्त पुरवणारी दोरीसारखी नळी असते. कधी कधी तिला अचानक पीळ बसतो आणि रक्त पोचणंच थांबतं. मार लागायलाच हवा असं नाही, झोपेतसुद्धा होतं. १२ ते १८ वयात जास्त, पण अगदी तान्ह्या बाळालाही होऊ शकतं. एका बाजूला एकदम जोराची कळ येते, सूज येते, ते वृषण वर ओढल्यासारखं दिसतं, मळमळ किंवा उलटी होते. गोम अशी की मुलगा जागा सांगत नाही. ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, आणि काही वेळा खरोखर ओटीपोटातच दुखतं. मग आपण ओवा-हिंग देऊन रात्र काढतो.

इथे हिशोब तासांचा आहे. साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं; २४ तासांनंतर क्वचितच. आणि हे तास कळ आली तेव्हापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. (व्याज कुठल्या तारखेपासून धरायचं यावर आमच्या काउंटरला किती भांडणं व्हायची!)

तेव्हा रात्रीचे २ वाजले असले तरी सकाळच्या दवाखान्याची वाट बघू नका. सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. शेक, तेल, मालीश नको. दुखणं आपोआप थांबलं तरी लगेच दाखवा. पीळ सुटून पुन्हा बसू शकतो.

प्रत्येक सूज म्हणजे हे नव्हे. पाणी साठून आलेली, न दुखणारी सूज दिवसा दाखवली तरी चालते. पण बाळाच्या जांघेत कडक गाठ, रडणं आणि उलट्या असतील तर अडकलेला हर्निया असू शकतो. त्यालाही तितकीच घाई.

वडिलांनी, आजोबांनी दहाएक वर्षांच्या मुलाला हे एकदा सरळ शब्दांत सांगावं. तिथे दुखलं तर रात्रीसुद्धा उठव, कोणी हसणार नाही, म्हणावं.

कमिटीला एक विनंती: रात्री सर्जन मिळेल अशा जवळच्या हॉस्पिटलचा नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक लिफ्टजवळ लावावा.